पिकअप देऊन १ लाख ८७ हजार किलोमीटर पळालेली स्कॉर्पिओ घ्यावी का?

गेल्या वर्षी आईच्या मणक्याचं ऑपरेशन पुण्याला झालं. टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी बजावलं, "तीन महिने धक्के नकोत." माझ्या दारात तेव्हा एकच गाडी, २०१९ ची बोलेरो पिकअप. पिकअपला मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग असतात. ते दीड टन माल उचलायला केलेले, त्यामुळे भरलेली गाडी संथ चालते आणि रिकामी उडते. आईला तपासणीला न्यायचं असलं की मी हौद्यात आदल्या रात्री वाळूची दहा-बारा पोती टाकायचो, मागचा भाग जरा दबावा म्हणून. तरीही गतिरोधक आला की आई एका हाताने डॅशबोर्ड आणि दुसऱ्या हाताने कंबर धरायची. बोलायची काहीच नाही. मंचर ओलांडेपर्यंत तिचा चेहरा पांढरा पडलेला असायचा.

गाडी बदलायचा विचार तिथून डोक्यात शिरला. पण जुन्नर तालुक्यातल्या टोमॅटोवाल्याने पिकअप विकणं म्हणजे सोपी गोष्ट नाही. नारायणगावच्या मार्केटला रात्री-अपरात्री क्रेट घेऊन जायचे तर गाडी घरची पाहिजे, हे माझ्या अंगात भिनलेलं. २०२३ च्या जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, तेव्हा मी याच गाडीतून माल नेला. त्याच वर्षी उन्हाळ्यात भाव इतके पडले होते की तोडणीची मजुरीही निघत नव्हती, आणि तेव्हाही हीच गाडी होती. हप्ते फिटले, एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. अशा गाडीवर जीव जडतो.

बायकोने मात्र वही काढली. ती सगळं लिहून ठेवते. म्हणाली, "अहो, गाडी चांगलीच आहे. पण आपल्याला आता ती किती लागते ते बघा ना." वहीत दिसलं ते असं. पूर्वी तीन एकर टोमॅटो होता, आता एकच एकर. बाकी ऊस, आणि ऊस कारखान्याच्या वाहनाने जातो. वर्षभरात नारायणगावला ७० फेऱ्या आणि माळशेजमार्गे वाशीला ९. भाड्याची गाडी लावली असती तर नारायणगावची फेरी ९०० रुपये आणि वाशीची ९ हजार, म्हणजे एकूण १ लाख ४४ हजार. घरच्या गाडीचा खर्च: विमा २८ हजार, टॅक्स आणि पासिंग मिळून ९ हजार, टायर-सर्व्हिसिंग ४५ हजार, डिझेल ३५ हजारांच्या आसपास. बेरीज १ लाख १७ हजार. म्हणजे जी गाडी मला लाखाचा आधार वाटत होती, ती वर्षाला सत्तावीस हजार वाचवत होती, तेही माझी रात्रीची झोप आणि ड्रायव्हरकी फुकट धरून. हा आकडा बघून मी दोन दिवस गप्प होतो.

नवी एसयूव्ही आमच्या आवाक्यात नव्हती. पुन्हा कर्ज काढायचं नाही, हे दोघांनी आधीच ठरवलं होतं. म्हणजे जुनीच घ्यायची, आणि जुनी घ्यायची तर रनिंग जास्त असणार. माझी पिकअप ९६ हजार पळालेली, स्वतःच्या हाताखालची. ती देऊन दीड-पावणेदोन लाख पळालेली दुसऱ्याची गाडी घ्यायची, हे कोणालाच पटेना. चुलतभाऊ तर म्हणाला, "अरे, चालती लक्ष्मी देऊन दुसऱ्याचं दुखणं कशाला घेतोस?"

म्हणून मी आधी कमी रनिंगवालीच शोधली. पुण्याजवळच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात पांढरी एसयूव्ही दाखवली, मीटरवर ८४ हजार. पॉलिश मारलेली, आत अत्तराचा वास. दुकानदार माझी पिकअप एक्सचेंजमध्ये ४ लाख १० हजारांना घ्यायला तयार होता. मी जवळजवळ हो म्हणणारच होतो. मग सहज क्लचच्या पायटीकडे बघितलं. रबर एका बाजूने झिजून आतलं लोखंड दिसत होतं, आणि शेजारच्या ब्रेकवर कोरंकरकरीत नवं रबर. पायटी अशी व्हायला ८४ हजार किलोमीटर पुरत नाहीत. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर एकाच महिन्यातले, नवे. ८४ हजारांवर दुसरा संच लागू शकतो, त्यात वावगं काही नाही, पण शंका आली. मी नंबर लिहून घेतला आणि ओळखीच्या माणसाकडून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा इतिहास काढून घेतला. २०२१ मध्येच त्या गाडीचं रनिंग १ लाख ३८ हजार नोंदलेलं होतं. मीटर मागे फिरवलं होतं.

राग आलाच, पण डोळेही उघडले. मी मीटरवरचा आकडा विकत घ्यायला निघालो होतो, आणि तो आकडा कोणीही बदलू शकतो. गाडी कोणी चालवली, कुठे चालवली, तेल कधी बदललं, याची कागदावरची नोंद बदलणं तितकं सोपं नसतं. त्या दिवसापासून मी रनिंग शेवटी विचारायला लागलो.

दीड महिन्याने मंचरची एक स्कॉर्पिओ कळली. २०१७ ची, एकच मालक, रनिंग १ लाख ८७ हजार. मालक चाकणच्या एका कंपनीत नोकरीला, रोज मंचर-चाकण जाऊन-येऊन. हिशोब जुळत होता: रोजचे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, सात वर्षं, वर गावाला-देवाला जाणं. सगळं हायवेचं, ठरलेल्या वेगाने धावलेलं. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून चाललेल्या साठ हजारांपेक्षा हे दीड लाख बरे, असं आमचे मिस्त्री म्हणतात. मालकाकडे सगळ्या सर्व्हिसिंगच्या पावत्या एका फाइलमध्ये लावलेल्या, अगदी वायपर बदलल्याचीसुद्धा.

मी मालकांना एकच विनंती केली, "साहेब, आम्ही सकाळी सहाला येतो. त्याच्या आधी गाडी चालू करू नका."

मिस्त्री माझ्याबरोबर आले. वय साठीच्या पुढे, उभं आयुष्य डिझेल इंजिनात गेलेलं. त्यांनी पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवला. थंड होतं. गरम असतं तर आम्ही तिथूनच परत फिरलो असतो, कारण आधी चालू करून ठेवलेलं इंजिन खरं बोलत नाही. मग चावी फिरवायला सांगितली. अर्ध्या वळणात चालू झाली, मागे क्षणभर काळसर धूर आला आणि विरला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, आणि पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर गडबड आहे, हे मला मी पिकअप चालवायला लागल्यापासून माहीत. पण पुढचं पहिल्यांदा बघितलं. गाडी चालू असतानाच त्यांनी ऑइल भरायच्या तोंडावरची कॅप उघडली आणि उलटी करून तिथेच नुसती ठेवली. आम्ही तिघे वाकून बघत राहिलो. कॅप थरथरत होती, पण जागेवरून हलली नाही. मिस्त्री म्हणाले, "पिस्टन-रिंग गेल्या असत्या तर खालच्या हवेने ही कॅप उडाली असती. इंजिन बसलेलं नाही." मग पाण्याच्या टाकीत बोट फिरवून तेलाचा तवंग नाही ना ते बघितलं, जमिनीवर पोतं अंथरून गाडीखाली शिरले आणि चासीच्या दोन्ही दांड्यांवर टॉर्च मारत पुढून मागे सरकत गेले. कुठे वेल्डिंग, कुठे ताजा रंग, म्हणजे अपघात. तसं काही नव्हतं.

गाडी निर्दोष नव्हती, तेही सांगतो. पुढच्या चाकांच्या लोअर आर्मचे रबरी बुश संपलेले, क्लच अगदी वर धरत होता म्हणजे झिजलेला, एक इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर, बसलेलं. इतक्या रनिंगला हे येणारच. मिस्त्रींनी जागेवर ३८ हजारांचा अंदाज दिला. मालक ७ लाख २५ हजार सांगत होते. मी अंदाजाचा कागद त्यांच्यासमोर ठेवला, आणि ६ लाख ८० हजारांवर आलो.

तरी मी बयाणा दिला नाही. आई गाडीत बसायची बाकी होती. ज्या कारणासाठी गाडी घ्यायची तेच आधी तपासायचं राहून जातं, आणि माझंही राहिलंच होतं. पुढच्या रविवारी तिला मंचरला नेलं. तिने दार धरलं, पाय उचलला आणि थांबली. "पाय वर जाईना रे." स्कॉर्पिओ उंच, आणि वाकून चढणं तिला मना. माझ्या पोटात गोळा आला. मालकांच्या घरातून लाकडी पाट आणला, त्यावर पाय ठेवून ती चढली. मधल्या सीटवर पाठीला उशी लावली. मंचर-खेड रस्त्यावर गाडी काढली. मी आरशात तिचा हात बघत होतो. पहिल्या गतिरोधकाला तिने पुढच्या सीटचं डोकं घट्ट धरलं. दुसऱ्याला नुसती बोटं टेकवली. तिसऱ्यानंतर हात मांडीवर होता आणि ती बाहेर बघत कोणाचा तरी कांदा कसा आलाय ते सांगत होती. मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, त्याचा अर्थ मला त्या हाताने सांगितला. मी परतल्याबरोबर बयाणा दिला. चढण्यासाठी बाजूला रुंद फूटस्टेप बसवून घेतली, तरी आईला पाट लागतोच. तो आता डिकीत असतो.

पिकअप मात्र मी जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला दिली नाही. त्याला माझ्या सह्या गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कोऱ्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर हव्या होत्या, "गिऱ्हाईक मिळालं की नाव भरू." हे कोणीही करू नये. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो आणि भरपाई त्याच्या गळ्यात पडू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. गाडी महिनोन्महिने कोण चालवणार, मला कुठे माहीत? शेजारच्या गावातल्या एका पोराला भाड्याच्या धंद्यासाठी गाडी हवी होती. त्याला ४ लाख ८० हजारांना दिली, म्हणजे एक्सचेंजपेक्षा सत्तर हजार जास्त. बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन आरसीवरची एचपी, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, आधीच काढली होती. ट्रान्सफरचा अर्ज दाखल झाला, थकीत चलन नाही हे बघितलं, फास्टॅग बंद केला, मग चावी दिली. स्कॉर्पिओचा विमा माझ्या नावावर करायलाही चौदा दिवसांचीच मुदत असते. तो मी चौथ्या दिवशीच केला. वरचे दोन लाख उसाच्या बिलातून घातले.

आठ महिने झाले. क्लच, बुश, फाउंडेशन मिळून ४१ हजार गेले, अंदाजापेक्षा तीन जास्त. तेव्हापासून डिझेल आणि ऑइल-फिल्टर सोडून काही नाही. आईच्या पुण्याच्या पाच फेऱ्या झाल्या. मागच्या वेळी ती खेडच्या पुढे झोपली आणि भोसरीत जागी झाली.

पिकअपची उणीव जुलैत जाणवली. भाड्याची गाडी दोन तास उशिरा आली, ६२ क्रेट बांधावर उन्हात उभे राहिले, आणि मार्केटला पोहोचेपर्यंत चांगले व्यापारी खरेदी करून गेले होते. त्या दिवशी क्रेटमागे चाळीस रुपये कमी मिळाले. रात्री जेवण गेलं नाही. बायकोने तेही वहीत लिहिलं.

आता त्या पोराशी बोलून ठेवलंय. तोड्याच्या दिवशी पहिली फेरी माझी, पैसे जागेवर रोख. पहाटे पाचला तो वस्तीच्या वळणावर हॉर्न देतो, आणि तो हॉर्न ओळखून आमचं कुत्रं अजूनही भुंकत नाही.