आईबरोबर लोदी गार्डनमध्ये

दिल्लीत काय बघितलं असं कोणी विचारलं की मी लोदी गार्डनपासूनच सुरुवात करते. लाल किल्ला, कुतुबमिनार, धावतपळत उरकलेलं आग्रा, सगळं झालं, फोटोही आहेत. पण जीव रमला तो या बागेत. माझा रमला त्याहून जास्त आईचा.

जानेवारीतला रविवार होता, संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. करोलबागहून मेट्रो पकडली आणि राजीव चौकाला उतरून पिवळ्या लाइनवर गेलो. तिथली गर्दी पाहून आईने माझा दंड जो धरला तो सोडायलाच तयार नव्हती. महिलांच्या डब्यात शिरलो तर एक कॉलेजची मुलगी चटकन उठली आणि तिने आईला जागा दिली. मग आईची भीड चेपली. भुयारातून गाडी चाललीय हे विसरून ती दारावरच्या पट्टीवर स्टेशनं वाचत बसली. पटेल चौक, केंद्रीय सचिवालय करत जोरबाग आलं.

स्टेशनपासून बाग चालत साधारण पंधरा मिनिटांवर आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढंही फार होतं, आणि इतक्या जवळच्या भाड्याला एकही रिक्षावाला थांबेना. याचा मला खरंच राग आला.

आत जायला तिकीट नाही. झाडांमधून थोडं चाललं की एकदम समोर बडा गुंबद आणि त्याच्यासमोर शीश गुंबद. शीश गुंबदाच्या निळ्या फरशांपैकी आता थोड्याच उरल्यात, पण ऊन पडलं की अजून चमकतात. सय्यद आणि लोदी सुलतानांच्या काळातल्या या इमारती, पाचशे वर्षांहून जुन्या. त्यांच्याभोवती खैरपूर नावाचं गाव वसलेलं होतं. इंग्रजांनी ते उठवलं आणि 1936 साली बाग उघडली, नाव दिलं लेडी विलिंग्डन पार्क. आताचं नाव स्वातंत्र्यानंतरचं. 1968 मध्ये जोसेफ स्टाइन आणि गॅरेट एक्बो या रचनाकारांनी बागेची आखणी नव्याने केली. हिरवळ सुंदरच आहे, पण त्या उठवलेल्या घरांचा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

आई दमली होती आणि जवळपासची बाकं भरलेली. शीश गुंबदाशेजारी एक मोठं पंजाबी कुटुंब सतरंजी पसरून बसलं होतं. त्यातल्या आजींनी आईकडे एकदा पाहिलं, नातवाला सरकवलं आणि सतरंजीवर हात थोपटून म्हणाल्या, "आओ बहनजी, बैठो." आई संकोचली, पण बसली. लगेच पुढ्यात कागदी थाळी आली. गोबीचा पराठा, त्यावर लोण्याचा गोळा, बाजूला लिंबू-मसाला लावलेल्या मुळ्याच्या फोडी. पराठा डब्यातला असूनही कोमट होता. आईने पिशवीतून तिळाचे लाडू काढले, तर आजींकडे लोहडीची, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या पंजाबी सणाची, रेवडी निघाली. तीळ आणि गूळ दोघींच्याही हातात! आईचं हिंदी यथातथाच, आजींना मराठीचा गंध नाही, तरी गुळाचा पाक किती कडक हवा यावर दोघींचं चांगलंच रंगलं. आजी पाकाची गोळी ताटलीवर आपटून आवाज ऐकतात. आईही तसंच करते.

त्या कुटुंबातले आजोबा तोंडावर वर्तमानपत्र घेऊन गवतावर गाढ झोपले होते. पलीकडे मुलं बॅडमिंटन खेळत होती, कोणी पुस्तक वाचत पालथं पडलेलं. कोणी कोणाला हटकत नव्हतं. मला बाग अशीच हवी. आमच्या गावातल्या बागेत पाऊल टाकलं की आधी पाट्या भेटतात: हिरवळीवर बसू नये, डबा खाऊ नये. वर दुपारी कुलूप. ज्यांना दुपारचीच सवड असते त्या म्हाताऱ्यांनी आणि बायकांनी जायचं कुठे?

एक गोष्ट मात्र सहन झाली नाही. बड्या गुंबदाला लागून मशीद आहे, तिच्या भिंतींवर गिलाव्यातली अक्षरं आणि वेलबुट्टी इतकी बारीक आहे की मान वर करून बघतच राहावं. आणि हाताला येतील तिथे लोकांनी आपली नावं कोरलीत, बदाम काढलेत. मोकळीक दिली की ती सांभाळायला हवी. हे करणाऱ्यांना जबर दंड व्हावा असं मला मनापासून वाटतं.

उतरत्या उन्हात आठपुला पाहिला. आठ खांबांचा, अकबराच्या काळातला पूल. आई कठड्याला टेकून खालच्या पाण्यातली बदकं बघत बराच वेळ उभी होती.

घरी पोचल्यावर आईने बॅग उघडायच्या आधी नगरसेवकांना पत्र लिहायला घेतलं. बाग दुपारी उघडी ठेवा, हिरवळीवर बसू द्या, म्हाताऱ्यांसाठी बाकं वाढवा. खाली कॉलनीतल्या बायकांच्या सह्या घेतल्यात. येत्या सोमवारी आम्ही दोघी ते हातात नेऊन देणार आहोत.