पाणी न आलेला कालवा: शिकागोचा मिडवे

शिकागो विद्यापीठाला खेटून एक मैल लांब आणि साधारण २०० मीटर रुंद असा हिरवा पट्टा आहे. कागदावरचं नाव मिडवे प्लेझन्स, पण तिथे सगळे नुसतं ‘मिडवे’च म्हणतात. नकाशा न वाचता गेलात तर गवत, झाडं आणि दोन्ही अंगांना पळणाऱ्या गाड्या एवढंच दिसेल. मधली मैदानं रस्त्यापेक्षा खाली का गेली आहेत, हे आधी विचारायचं. तो कोरडा कालवा आहे.

उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी १८७१ मध्ये हा आराखडा दिला. पश्चिमेला वॉशिंग्टन पार्क, पूर्वेला मिशिगन सरोवराकाठचं जॅक्सन पार्क, आणि दोन्हींकडची तळी जोडणारा जलमार्ग मिडवेतून. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागो जळालं आणि कालवा मागे पडला. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनानंतर ओल्मस्टेडनी तो पुन्हा मांडला, पण पाणी काही आलं नाही.

जायला सोपं आहे. शहराच्या मध्यभागातल्या मिलेनियम स्टेशनवरून मेट्रा इलेक्ट्रिक या उपनगरी रेल्वेची गाडी घ्या आणि ५९व्या स्ट्रीटला उतरा. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, म्हणून वेळापत्रकात तो थांबा दिसतो का हे बघूनच चढा. शक्यतो सकाळी जा आणि पूर्वेकडून पश्चिमेला चाला, म्हणजे ऊन पाठीवर राहतं. शेवटी जे मोठं शिल्प आहे, त्याचं तोंड पूर्वेकडे आहे. दुपारनंतर ते सावलीत जातं आणि फोटो काळे येतात.

अंतर मोजायला शिकागोचे घरक्रमांक पुरतात: मैलाला ८००. पूर्व टोकाचा स्टोनी आयलंड अव्हेन्यू म्हणजे १६०० पूर्व, पश्चिम टोकाचा कॉटेज ग्रोव्ह म्हणजे ८०० पूर्व, आणि वुडलॉन १२०० वर, म्हणजे बरोबर मध्यावर. मधल्या मैदानातून चालत राहिलात तरी आडव्या रस्त्यांपाशी चढ चढून वर यावंच लागतं. पाऊस किंवा बर्फ वितळल्यावर मात्र खाली उतरू नका, पाणी तुंबतं. रुळांच्या पूर्वेचा तुकडा तर चांगलाच दलदलीचा. कालव्यात हवं होतं ते पाणी असं न बोलावता येतं!

पूर्वेच्या भागात घोड्यावरचा चिलखती शिलेदार दिसेल. देशावर संकट आलं की ब्लानिक डोंगराखाली झोपलेले वीर उठतील, अशी चेक दंतकथा आहे, त्यातलाच हा एक. आल्बिन पोलाशेकचं हे शिल्प टोमाश मासारिक यांचं स्मारक आहे. चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या मासारिकांनी १९०२ मध्ये याच विद्यापीठात व्याख्यानं दिली होती.

वुडलॉनच्या कोपऱ्यावर रॉकफेलर चॅपल आहे. मनोऱ्यात ७२ घंटा आहेत आणि वर जायला २७१ पायऱ्या. मनोरा रोज उघडा नसतो, वेळ आधी बघा. तिथून उत्तरेला एकच गल्ली गेलात की वास्तुकार फ्रँक लॉइड राइटचं रोबी हाउस. ते टाळू नये.

१८९३ च्या प्रदर्शनात मिडवेच्या मध्यभागी जॉर्ज फेरिसचा चक्रपाळणा उभा होता. उंची २६४ फूट, ३६ डबे, एका डब्यात ६० माणसं. म्हणजे एका वेळी २,१६० जण, आणि भाडं ५० सेंट. आपल्या जत्रेतल्या आकाशपाळण्याचा हा थोरला पूर्वज म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत आजही जत्रेतल्या खेळ-दुकानांच्या भागाला ‘मिडवे’ म्हणतात, ते याच जागेवरून. पाळणा पुढे सेंट लुइसला गेला आणि १९०६ मध्ये मोडला. हल्ली एलिस आणि वुडलॉनच्या मधे हिवाळ्यात बर्फावरचं स्केटिंग चालतं.

स्केटिंगच्या रिंकची इमारत बंद असेल तर वाटेवर स्वच्छतागृह मिळणार नाही. ६०व्या स्ट्रीटवरचं लोगन कला केंद्र उघडं असेल तर सोय होते. मिडवेवर वाऱ्याला आडोसा नाही. नोव्हेंबर ते मार्च कानटोपी हवीच.

पश्चिम टोकाला शिल्पकार लोराडो टाफ्टचं ‘फाउंटन ऑफ टाइम’. १९२२ मध्ये लोकार्पण झालं. शंभर मानवी आकृत्या काळपुरुषासमोरून लाटेसारख्या सरकतात. सगळं काँक्रीट आहे. संगमरवर असता तर वेगळं, पण शिकागोच्या हिवाळ्यात काँक्रीटमध्ये मुरलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि कपचे उडवतं. म्हणून त्याची मोठी डागडुजी करावी लागली. थंडीत कुंड कोरडं असतं. टाफ्टला पूर्वेच्या टोकाला जोडीचं ‘फाउंटन ऑफ क्रिएशन’ उभारायचं होतं, तेही कालव्यासारखं राहून गेलं. शिल्पाला वळसा घालून पश्चिम बाजूला जा: पाठीमागे हात बांधलेला, कामाचा झगा घातलेला माणूस दिसेल. तो टाफ्ट स्वतः. परत शहरात जायला कॉटेज ग्रोव्हवरून ४ नंबरची बस मिळते.