चार तासांचा पेपर

"तुला तर दिसतंय की!" कॉलेजच्या ऑफिसात हे मला पहिल्यांदा ऐकवलं गेलं तेव्हा मी हातातला अर्ज वाचत होते. त्यामुळे काय उत्तर द्यावं तेच सुचेना.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, आम्ही नुसतं आरपी म्हणतो. नजर कडेकडून मिटत येते. कागदावरचं अक्षर दिसतं, पण ओळ संपली की पुढची ओळ शोधावी लागते. समोरचा माणूस दिसतो, त्याच्या पायाशी ठेवलेली बादली दिसत नाही. अंधार पडल्यावर लक्ष्मी रस्त्यावर मी आईचा दंड सोडत नाही.

ससून रुग्णालयात पेरिमेट्री, म्हणजे नजर कडेला किती पोचते याची तपासणी झाली. यंत्रावर हनुवटी टेकवून बसायचं आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटण दाबलंच नाही. वाटलं, यंत्र अजून सुरूच झालं नाहीये. नंतर हातात आलेला आलेख जवळजवळ सगळा काळा होता, मधे एवढासा उजेड. आई तो घडी घालून पर्समध्ये ठेवेपर्यंत एक शब्द बोलली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी असेल तर तेही अंधत्वच, मग समोरचं अक्षर वाचता येवो. प्रमाणपत्र मिळालं, पुढे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्रही आलं.

एस.वाय.ला मी परीक्षेच्या आठ दिवस आधी रायटर, म्हणजे मी सांगेन ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती मागितली. "तुमचा तुम्ही आणा," एवढंच तोंडी उत्तर. शेजारची मुलगी घेऊन गेले, तर परवानगीचं पत्र नाही म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं. तो पेपर मी एकटीने लिहिला. दोन प्रश्न लिहायचे राहून गेले. घरी येऊन खूप रडले, कारण दोन्हींची उत्तरं मला पाठ होती.

टी.वाय.ला मात्र जूनमध्येच लेखी अर्ज दिला. सोबत प्रमाणपत्र आणि केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत जोडली. त्यांत स्पष्ट लिहिलं होतं: तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. रायटर स्वतःचा आणता येत होता, फक्त त्याचं शिक्षण आपल्याहून एक पायरी कमी हवं होतं. अर्जाची पोच घेतल्याशिवाय मी खिडकीवरून हलले नाही. तुमच्यापैकी कुणी यातून जात असेल तर पोच घ्याच, पुढे तोच कागद उपयोगी पडतो.

अभ्यासिकेतल्या एका मैत्रिणीची धाकटी बहीण रायटर म्हणून तयार झाली. ती कॉमर्सची, माझं समाजशास्त्र. "ताई, दुर्खीम कसं लिहायचं?" इथपासून सुरुवात. रविवारी आम्ही सारसबागेत बसून सराव करायचो. उत्तर सांगणं ही वेगळीच विद्या आहे, हे मला तिथे कळलं. हाताने लिहिताना वाक्य अर्ध्यात बदलता येतं. सांगताना आधी ते डोक्यात पुरं करावं लागतं, मग "स्वल्पविराम", "नवा परिच्छेद" असं म्हणत तिच्या वेगाने सोडावं लागतं. पहिल्या रविवारी मी इतकी घाई केली की तिने पेनच खाली ठेवलं. परीक्षेत चौथ्या तासाला तिचा हात दुखून आला होता, तरी ती थांबली नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

नोकरीच्या मुलाखतीत प्रश्न आला, "कॉम्प्युटर कसा चालवणार?" पेन ड्राइव्हवर एनव्हीडीए घेऊनच गेले होते. हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि इन्स्टॉल न करताही चालतो. परवानगी घेऊन लावला आणि त्यांच्यासमोर एक पत्र टाइप करून दाखवलं. पंधरा दिवसांनी फोन आला.

रुजू झाले त्या दिवशी साहेबांनी विचारलं, "आणखी काय लागेल?" मी म्हटलं, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लागलेली होती.