फाईल कॉपी ११ वर अडकली होती त्याची गोष्ट

माझ्या मावसभावाचा कोल्हापुरात फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी जास्त. तीनेक वर्षांपूर्वी मी त्याला एका जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू (लिनक्स) टाकून सांबाचा सर्व्हर करून दिला होता, सांबा म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला शेअर करणारं सॉफ्टवेअर. ४ टीबीची हार्ड डिस्क, मधे केबली जोडायचा गिगाबिट स्विच आणि पलीकडे एडिटिंगचा विंडोजवाला पीसी. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "दादा, कार्डातून पीसीवर फोटो पंधरा-वीस मिनिटांत येतात आणि तेच सर्व्हरवर टाकायला दोन तास लागतायत, अल्बमवाला रोज विचारतोय रे." एका लग्नाचे रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ मोठ्या फाइली) न् जेपीजी मिळून ८० जीबी होतात त्याचे.

मी म्हटलं, कॉपी चालू असताना आकडा किती दिसतोय ते सांग आधी. तो म्हणाला सेकंदाला ११.२ मेगाबाइट, आणि हलतच नाही.

हा आकडा ऐकला की मला निम्मं कळतं. नेटवर्कचा वेग बिटमधे मोजतात, ८ बिटचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटला ८ ने भागलं की साडेबारा मेगाबाइट, त्यातून प्रत्येक पॅकेटच्या हेडरचा वगैरे खर्च गेला की हातात ११-साडेअकरा राहतात. गिगाबिटवर हाच आकडा ११० च्या आसपास यायला पाहिजे. डिस्क दमली असती तर आकडा वर-खाली झाला असता, ११ वर सरळ रेघ म्हणजे केबल नाहीतर पोर्ट कुठेतरी १०० मेगाबिटवर बसलंय. तोपर्यंत त्याने अँटिव्हायरस बंद करून बघितला होता, विंडोज परत टाकायचं ठरवलं होतं आणि कुणीतरी त्याला नवीन नॅस (नेटवर्कवरचा तयार स्टोरेजचा डबा) घ्यायला सांगितलं होतं. मी म्हटलं थांब, शनिवारी येतो, एक रुपया खर्च करू नकोस.

गेल्यावर सर्व्हरवर ईथटूल चालवलं, ही नेटवर्क कार्डाचा वेग दाखवणारी कमांड, तिथे १००० मेगाबिट, म्हणजे गिगाबिट दिसत होतं. विंडोजच्या अडॅप्टरच्या स्टेटसमधे मात्र १००. म्हणजे स्विचपासून पीसीपर्यंतची केबल. विचारलं तर कळलं की दिवाळीत टेबल हलवलं तेव्हा ती कमी पडली म्हणून नवीन ओढली आणि टोकं जागेवरच क्रिंप करून, म्हणजे पक्कडीने कनेक्टर दाबून बसवून घेतली. आतल्या आठ वायरी एकेक करून तपासणारा टेस्टर लावला, १ ते ६ दिवे ओळीने लागले, ७ ला अंधार, ८ परत लागला. कनेक्टर खिडकीच्या उजेडात धरून बघितला तर पांढरी-तपकिरी वायर पिनच्या दोन मिलिमीटर अलीकडेच थांबलेली, बाकी सगळ्या टोकापर्यंत गेलेल्या.

आता यात फसवणारी गोष्ट काय आहे बघा, १०० मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, १-२ आणि ३-६, म्हणजे नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. तपकिरी जोडी तुटलेली असली की पीसीचं नेटवर्क कार्ड आणि स्विच गुपचूप १०० वर उतरतात आणि इंटरनेट चालतं, प्रिंटर चालतो, शेअर उघडतं, त्यामुळे केबलवर कुणालाच संशय येत नाही. महिनोन्‌महिने माणसं अशी काम करत बसतात, मला याचं फार वाईट वाटतं कारण दुरुस्ती दहा रुपयांच्या कनेक्टरची असते.

टोक कापून परत क्रिंप केलं, स्टेटसमधे १ जीबीपीएस आलं, कॉपी लावली आणि आकडा ३८. भाऊ खूश, तिप्पट झालं म्हणून. पण मला ते पटेना, ११० जायला पाहिजे तर ३८ का. इथे मी एकेक थर वेगळा काढून मोजतो. दोन्हीकडे आयपर्फ थ्री हे वेग मोजायचं टूल लावलं, त्यात ना डिस्क येते ना सांबा, फक्त नेटवर्क, तिथे ९४० मेगाबिट आले, म्हणजे केबल-स्विच-कार्ड सुटले. मग सर्व्हरवरच डीडी या कमांडने रॅमपेक्षा मोठी फाईल डिस्कवर लिहून बघितली, सेकंदाला १५० मेगाबाइटच्या घरात, म्हणजे डिस्कही सुटली. राहिला सांबा.

त्याच्या कॉन्फिग फाईलमधे सॉकेट ऑप्शन्सची एक ओळ सापडली, रिसीव्ह आणि सेंड बफर (डेटा येता-जाता तात्पुरता ठेवायची जागा) दोन्ही ८१९२ बाइट. ती मीच तेव्हा कुठल्यातरी जुन्या गाइडमधून स्पीड वाढतो म्हणून टाकली होती. लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, हे बफर कनेक्शन बघून आपोआप वाढवतं, आपण हाताने आकडा ठोकला की ते वाढवणंच बंद होतं, मग थोडा डेटा पाठवायचा, पलीकडून पोच यायची वाट बघायची, परत थोडा पाठवायचा असं चालू राहतं. ओळ काढली, सर्व्हिस रीस्टार्ट केली, ११०. ८० जीबी बारा-तेरा मिनिटांत.

छोट्या फाइलींचं दुखणं वेगळं, ते यानेही जात नाही. हजारो लहान जेपीजी असल्या की प्रत्येक फाइलीला उघडणं, परवानगी, तारीख, बंद करणं असे वेगवेगळे हेलपाटे होतात आणि स्पीड पडतोच. त्यासाठी विंडोजमधली रोबोकॉपी ही कॉपी करायची कमांड एमटीचा पर्याय देऊन लावून दिली, एका वेळी आठ-दहा फाइली जातात. आणि लाइटरूमचा (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) कॅटलॉग, म्हणजे एडिटच्या नोंदींची फाईल, पीसीतल्या एसएसडीवरच ठेवायला सांगितलं, सर्व्हरवर फक्त फोटो.

निघताना टेस्टर त्याच्याकडेच ठेवून आलो. रविवारी रात्री त्याने बाकीच्या तीन केबल स्वतः तपासल्या आणि फोटो पाठवला, रिसेप्शनच्या पीसीच्या केबलमधे ४ चा दिवा लागत नव्हता.