तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिजन बोर्डनं खरंच काही होतं का?

हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, कारण मी स्वतः व्हिजन बोर्ड, म्हणजे आयुष्यात हव्याशा वाटणाऱ्या गोष्टींची चित्रं चिकटवलेला पुठ्ठा, बनवते आणि मैत्रिणींनाही बनवायला बसवते. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना माझ्याकडून ‘हो’ वदवून घ्यायचं असतं आणि उरलेल्यांना ‘छे, सगळं थोतांड’ हे ऐकायचं असतं. दोघांचीही थोडी निराशा होते. पुठ्ठ्यावर घराचं चित्र चिकटवलं म्हणून घर मिळत नाही. ते घर आपल्याला खरंच हवंय की आजूबाजूच्या सगळ्यांना हवंय म्हणून आपल्यालाही हवंसं वाटतंय, हे मात्र चित्रं कापता कापता कळायला लागतं. मी बोर्ड करते तो तेवढ्यासाठी.

आधी ‘छे’च्या बाजूचं सांगून टाकते. व्हिजन बोर्डच्या कार्यशाळांमध्ये एक गोष्ट हमखास ऐकवतात. 1953 साली येल विद्यापीठातल्या मुलांना म्हणे विचारलं, तुमची ध्येयं लिहून ठेवली आहेत का? फक्त तीन टक्क्यांनी ठेवली होती, आणि वीस वर्षांनी त्या तीन टक्क्यांकडे बाकी सगळ्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त संपत्ती होती. असा अभ्यास कधी झालाच नाही. शोधणाऱ्यांना त्याचा मागमूस सापडलेला नाही आणि खुद्द येलनंही तसंच सांगितलं आहे. तरी ती गोष्ट अजून टाळ्या घेते.

झालेले अभ्यास आहेत, पण ते स्वप्नरंजनाच्या बाजूचे नाहीत. गॅब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी थॉमस वॅडन यांच्यासोबत 1991 साली वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात आलेल्या 25 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मला हे जमेल’ असा विश्वास असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. सडपातळ झालेल्या स्वतःची गोड गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं मात्र कमी उतरलं. विश्वास आणि स्वप्नरंजन या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. पुढे 2011 मध्ये ओटिंगन आणि हेदर कॅपस यांच्या प्रयोगांत असं दिसलं की मनासारख्या भविष्याची कल्पना केल्यावर अंगातला जोरच ओसरतो. सिस्टॉलिक, म्हणजे वरच्या आकड्याच्या, रक्तदाबावरून त्यांनी ते मोजलं. मिळाल्याचा आनंद आधीच उपभोगून झाला, की कमरेला पदर खोचायचं कारण उरत नाही.

आणि ‘विश्वाकडे मागा, विश्व देईल’ याबद्दल माझं मत विचारू नका, कारण मग मी थांबत नाही. मिळालं तर विश्वाची कृपा, न मिळालं तर तुमची श्रद्धा कमी पडली! आजारी माणसाला, नोकरी गेलेल्या माणसाला हे ऐकवणं मला क्रूर वाटतं.

मग पुठ्ठा आणि कात्री घेऊन बसायचं कशाला?

कारण ‘तुला काय हवंय?’ असं सरळ विचारलं तर आपण पाठ केलेलं उत्तर देतो. घर, बढती, तब्येत, प्रवास. त्याच क्रमानं. चित्रांपुढे बसलं की हे पाठांतर जरा मागे पडतं. म्हणून मी बोर्डला आधी विषय ठरवून देत नाही. ‘करिअर’, ‘नाती’, ‘पैसा’ असे कप्पे पाडले की माणूस परीक्षेतल्या गाळलेल्या जागा भरायला लागतो. जुनी मासिकं, माहितीपत्रकं, कॅलेंडरं, जे असेल ते पुढ्यात घ्यायचं आणि ज्या चित्रावर नजर रेंगाळेल ते फाडून बाजूला ठेवायचं. का, हे विचारायचं नाही. निदान अर्धा तास तरी नाही.

मोबाइलवर बोर्ड केला तर चालेल का, हा पोटप्रश्न. चालेल, पण शोधायच्या चौकटीत शब्द टाकावा लागतो, आणि शब्द माहीत असता तर बोर्डची गरजच काय होती? मासिक चाळताना न शोधलेलं समोर येतं. माझं मत कागदाच्या बाजूनं आहे.

ढीग जमला की खरं काम सुरू होतं, आणि नेमकं तेच बहुतेक लोक गाळतात. लगेच गोंद काढतात. त्याआधी एकेक चित्र हातात घेऊन विचारायचं, यातलं नेमकं काय मला खुणावतंय? एका मैत्रिणीनं डोंगरांची चित्रं जमवली होती. तिला चढण्याचा मनस्वी कंटाळा. चित्रं शेजारी शेजारी मांडल्यावर दिसलं की एकातही माणूस नव्हता. तिला डोंगर नको होते, कुणी हाक मारणार नाही असे दिवसातले दोन तास हवे होते. दुसरीनं मायक्रोफोनचं चित्र फाडलं आणि स्वतःच हसली, कारण स्टेजवर जायचं म्हटलं की तिला घाम फुटतो. बोलत बोलत ती जिथे पोचली ते असं, की ऑफिसच्या बैठकीत आपण बोलताना कुणी मध्येच वाक्य तोडू नये. मायक्रोफोन तसाच चिकटवून ‘वक्ता होणार’ असं खाली लिहिलं असतं, तर ती वर्षभर नको असलेल्या गोष्टीच्या मागे लागली असती.

यापुढची चाळण जास्त बोचते. प्रत्येक चित्राला विचारायचं, हे मला मिळालं पण कुणालाच कधी कळणार नसेल, फोटो टाकता येणार नसेल, नातेवाइकांना सांगता येणार नसेल, तरी हवंय का? मोठ्या गाड्या आणि परदेशातले समुद्रकिनारे इथे पटापट गळतात. सगळेच नाही. ज्याला समुद्राचं खरं वेड आहे त्याचा समुद्र टिकतो. केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट यांनी 1999 साली मांडलेलं संशोधन याच अंगाचं आहे: आपल्या आवडीतून आणि मूल्यांतून आलेल्या ध्येयांसाठी माणसं जास्त काळ नेटानं झटतात आणि ती गाठल्यावर समाधानही जास्त मिळतं. दडपणापोटी किंवा अपराधीपणातून धरलेल्या ध्येयांचं तसं होत नाही.

गळलेली चित्रं मी लगेच फेकत नाही. ती कुणाची स्वप्नं होती, हे बघण्यासारखं असतं. आईचं एखादं, वर्गातल्या हुशार मुलीचं एखादं, आणि एखादं वीस वर्षांपूर्वीचं आपलंच, ज्याची मुदत कधीच संपलेली असते. हे शेवटचं सोडताना लोक गप्प होतात. त्यांना घाई करू नये.

उरलेली चित्रं चिकटवताना मात्र माझा एक आग्रह असतो: शेवट कमी, वाट जास्त. लिएन फॅम आणि शेली टेलर यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, परीक्षेआधी काही विद्यार्थ्यांनी रोज चांगले गुण मिळाल्याची कल्पना केली आणि काहींनी आपण अभ्यासाला कसे बसलो आहोत याची. अभ्यासाची कल्पना करणाऱ्यांनी जास्त अभ्यास केला आणि गुणही त्यांनाच जास्त मिळाले. म्हणून पळायचं असेल तर पदकाऐवजी दाराशी काढून ठेवलेल्या बुटांचं चित्र लावा. पुस्तक लिहायचं असेल तर प्रकाशन समारंभ नको, खाडाखोड केलेलं पान लावा. बोर्ड थोडा कमी देखणा होतो, होऊ दे.

पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं दोन ओळी. पहिली, माझ्या आतलं काय आडवं येतं? ‘वेळ नाही’ हे उत्तर मी चालवून घेत नाही, त्याच्या मागे बहुतेक वेळा भीती किंवा संकोच असतो. दुसरी ओळ ‘जर–तर’ची: जर रात्री जेवणानंतर हात मोबाइलकडे गेला, तर मी आधी वही उघडीन. हे फार क्षुल्लक वाटतं, पण पीटर गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी 2006 साली 94 अभ्यास एकत्र तपासले तेव्हा अशा जर–तर बेतांचा बऱ्यापैकी परिणाम दिसला. मला विचाराल तर पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू जास्त उपयोगाची.

बोर्ड भिंतीवर किती दिवस ठेवायचा? दिसेनासा होईपर्यंत. रोज समोर असलेली वस्तू नजर काही आठवड्यांत गाळून टाकते, मग तो बोर्ड नुसता भिंतीचा भाग होतो. तसं झालं की मी तो उतरवते आणि एखादं चित्र काढते, नाहीतर बदलते. चित्र काढलं म्हणजे हार झाली असं नाही. माणूस बदलतो, मग त्याची हौसही बदलणारच.

राहिला सगळ्यात जास्त विचारला जाणारा पोटप्रश्न: बोर्डचा फोटो स्टेटसला टाकू का? मी म्हणते, नको. गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं की ‘मला अमुक बनायचंय’ हा इरादा दुसऱ्यांनी ऐकून त्याची दखल घेतली, की ते बनण्यासाठीची मेहनत कमी पडते. आपण जणू बनलोच, अशी भावना आधीच येते. एखाद्या जवळच्या माणसाला जरूर दाखवा, जो ‘वा, किती छान’ म्हणून थांबणार नाही आणि पुढच्या महिन्यात विचारेल, ‘काय गं, त्या वहीचं काय झालं?’ असं माणूस नसेल तर बोर्ड कपाटाच्या दाराला आतून लावा.