गाडीला गार हवा मिळेपर्यंत: माझा अनुभव

चाळीसगावात बियाणं-खतांचं दुकान आहे, त्यामुळे संभाजीनगरच्या फेऱ्या सुटत नाहीत. महिन्यातून चार-पाच वेळा कन्नडचा घाट चढावा लागतो. गाडी 2014 ची, टर्बो डिझेल हॅचबॅक, 1 लाख 10 हजार किलोमीटर झालेली. हीच गाडी पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढून जायची. गेल्या दोन उन्हाळ्यांपासून मात्र निम्म्या चढावरच दुसरा गिअर मागायला लागली. थंडीत पहाटे निघालो तर काही तक्रार नाही. मे महिन्यात भर दुपारी, चार माणसं बसलेली आणि एसी सुरू असला, की तिचा जीव जायचा.

सर्व्हिसिंग वेळेवर होतं, डिझेल फिल्टर नवा होता, क्लच ठीक होता. मग माझं लक्ष हवेकडे गेलं. 1 लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान 10 हजार लिटर हवा लागते, आणि डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त ओढतं. टर्बो ही हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. तेव्हा हवेची वाट मोकळी केली की गाडी मोकळी होईल, असा मी हिशेब मांडला आणि साडेसहा हजारांचा उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर मागवला. कापडी जाळीचा, तेल लावून वापरायचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा.

बसवायला तासभर लागला. दहाचा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर काम झालं. कंपनीची काळी प्लॅस्टिकची पेटी काढून माळ्यावर टाकली आणि तिच्या जागी इंजिनशेजारी तो लाल शंकू बसवला. एक्सलेटर दिला की टर्बोचा शिट्टीसारखा आवाज आत ऐकू यायला लागला, सोडला की ‘फुस्स’. धुळे रस्त्याला सकाळी चक्कर मारली तेव्हा पिकअप वाढल्यासारखं वाटलं. आज विचाराल तर तो बराचसा आवाजाचा परिणाम होता.

खरं काय ते घाटात कळलं. गाडीच्या सॉकेटला ब्लूटूथचं छोटं यंत्र लावून मोबाइलवर सेन्सरचे आकडे बघायची सवय मला आहे. त्या दिवशी बाहेर 43 अंश होतं. सपाट रस्त्यावर 80 च्या वेगात इंजिनात जाणारी हवा 56 अंश दाखवत होती. घाटात पुढे रांग लागली, पंधरा मिनिटं गाडी इंच-इंच सरकली आणि तोच आकडा 71 वर गेला. रांग सुटल्यावर गाडी आधीपेक्षाही मंद चढली.

हवा तापली की विरळ होते. 43 अंशांची हवा 71 अंशांवर गेली तर तेवढ्याच जागेत सुमारे 8 टक्के कमी हवा मावते. म्हणजे फिल्टरमधून वाट मोकळी मिळाली खरी, पण त्या वाटेनं येत होती ती रेडिएटर आणि एक्झॉस्टवर भाजून निघालेली हवा. इंटरकूलर पुढे थोडी गार करतो, पण मुळात गरम घेतलेली हवा दाबल्यावर आणखी तापते आणि त्याच्यावरही भार येतो. पुण्याच्या डिसेंबरात हा फरक कदाचित जाणवणार नाही. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत तो रोजचा आहे.

महिनाभरानं फिल्टर धुतला, सुकवला, बाटलीतलं तेल लावलं. तेल जास्त झालं. आठवड्यात पिवळा चेक लाइट लागला आणि गाडी तीन हजार आरपीएमच्या वर जाईना. फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो. त्यातल्या केसाएवढ्या तापलेल्या भागावर तेलाची वाफ आणि धूळ बसली की येणारी हवा त्याला कमी दिसते. कॉम्प्युटरला वाटतं हवाच कमी आहे, म्हणून तो डिझेलही कमी सोडतो.

तेव्हा मात्र मी मिस्तरी आबांकडे गेलो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे, तीस-पस्तीस वर्षांचा हात. त्यांनी बोनेट उघडलं, लाल शंकूला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मला म्हणाले, “भाऊ, गाडी हवा कोठेन ली राह्यनी, ते देखं का?”

मी नव्हतं बघितलं. मी फिल्टर बघितला होता, आवाज ऐकला होता, पण हवा कुठून येते हे एकदाही पाहिलं नव्हतं.

आबांनी घरून जुनी पेटी आणायला सांगितली. पेटी हातात घेऊन त्यांनी तिचं तोंड दाखवलं. त्या तोंडातून एक चपटी प्लॅस्टिकची नळी पुढे जाळीमागे जाते आणि बाहेरची हवा घेते. माझ्या पेटीला ती नळीच नव्हती. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी बंपरला ठोकर लागली होती आणि एका गॅरेजमध्ये तो बदलून घेतला होता. नळी तेव्हा परत बसवलीच गेली नाही. म्हणजे कंपनीची पेटी असतानाही गाडी दोन उन्हाळे बोनेटखालचीच हवा ओढत होती. गाडी मंद पडली ते तिथून. मी पैसे घालून केला तो बदल त्याच चुकीला मोठं करणारा होता. बंपर लावताना दोन स्क्रूची नळी विसरणाऱ्या माणसाचा मला आजही राग येतो, कारण गाडीवाल्याला ते वरून दिसत नाही.

पुढची गोष्ट जास्त गंभीर होती. फिल्टरपासून टर्बोपर्यंत जाणारा काळा रबरी होज आबांनी काढला आणि हातानं वाकवला. त्याच्या घड्यांमध्ये, खालच्या बाजूला, अंगठ्याएवढी चीर होती. गाडीत बसलेला असताना ती मिटलेली राहायची, इंजिन हललं की उघडायची. आबांनी माझ्याकडून पांढरा रुमाल घेतला आणि होजच्या आतून फिरवला. रुमालावर तपकिरी, पिठासारखी बारीक धूळ आली. ही फिल्टरच्या पलीकडची बाजू. इथे धुळीचा कणही नसायला हवा.

टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. त्या वेगात मातीचा कण वाळूच्या कागदासारखा पात्यांवर बसतो, आणि जो पुढे जातो तो पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासतो. आबांनी टॉर्च धरली आणि मला टर्बोच्या तोंडात बघायला लावलं. पात्यांच्या कडा अजून शाबूत होत्या. मग दांड्याचं टोक दोन बोटांत धरून हलवलं. आजूबाजूला किंचित हलतं ते चालतं, कारण बंद इंजिनात तिथे तेलाचा दाब नसतो. आत-बाहेर हललं तर मात्र टर्बो गेला समजायचा. माझा आत-बाहेर हलला नाही. पाती घराला घासल्याची खूणही नव्हती. त्या क्षणी मला जे हायसं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. नव्या टर्बोचा खर्च दुकानाच्या एका हंगामाला भारी पडला असता.

कामाला दीड दिवस गेला. कंपनीची पेटी परत बसली, आत साधा कागदी ओरिजिनल फिल्टर, साडेचारशे रुपयांचा. नवा होज अठराशेला, तो धुळ्याहून मागवावा लागला. दोन्ही टोकांच्या क्लिपा नव्या. सेन्सर साफ करायला त्याचाच खास स्प्रे वापरला. कार्ब्युरेटर क्लीनर त्यावर मारू नका आणि कापसानं पुसायलाही जाऊ नका, ती तार तेवढ्यानं तुटते. हवेची नळी भंगारातल्या तशाच गाडीची मिळाली. तिचं तोंड जाळीमागे वरच्या बाजूला राहील याची आबांनी काळजी घेतली. मी बंपरच्या खालच्या छिद्रातून आणखी गार हवा घेऊ म्हणालो, ते त्यांनी साफ नाकारलं. तितूर नदीला पूर येतो तेव्हा आपल्याकडे रस्त्यावर किती पाणी असतं ते आठवा. नळीनं पाणी ओढलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नळी आणि पेटीच्या सांध्याला फोमची पट्टी लावली, म्हणजे रेडिएटरची गरम हवा मधूनच शिरायला नको.

पुढच्या आठवड्यात घाट. बाहेर 42 अंश, दुपारचे दोन, गाडीत तीन माणसं आणि मागे बियाण्याच्या पिशव्या. चालत्या गाडीत हवा 46 अंश, वळणावर रांगेत थांबलो तेव्हा 57. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. एसी बंद केला नाही. टर्बोचा आवाज आता आत ऐकू येत नाही, आणि मला त्याची आठवणही येत नाही.

उघडा फिल्टर कुणालाच उपयोगी नाही असं मी म्हणत नाही. त्याला पूर्ण बंद पेटी, बाहेरून हवा आणि ट्यून केलेलं इंजिन मिळालं तर त्याचा अर्थ आहे. पण आपली काळ्या मातीची बारीक धूळ कागदी फिल्टर जास्त चांगली अडवतो, आणि कंपनीतून आलं तसंच ठेवलेल्या इंजिनाला कागदाची वाट कमी पडत नाही. कुणी विचारलं तर मी आधी नळी, मग होज, मग पेटीची सील बघायला सांगतो. फिल्टर बदलायची पाळी त्यानंतर.

मॅन्युअलमधल्या किलोमीटरची वाट मी बघत नाही, दर 5 हजारांना पेटी उघडतो. पंपावरची जोरदार हवा फिल्टरवर मारू देत नाही. कागदाला डोळ्यांना न दिसणारं भोक पडतं आणि मग फिल्टर असून नसल्यासारखा.

परवा, कपाशीच्या हंगामात, पेटी उघडली. जिनिंगच्या रस्त्यानं रोज जाणं होतं, त्यामुळे फिल्टरच्या बाहेरच्या बाजूला रुईचे तंतू आणि मातीचा जाड थर साचला होता, नखानं ओढला की पापुद्र्यासारखा निघत होता. फिल्टर बाजूला ठेवला आणि पांढरा रुमाल घेऊन होजच्या आत बोटं पोचतील तिथपर्यंत फिरवला. रुमाल पांढराच बाहेर आला. नवा फिल्टर बसवला, पेटीच्या क्लिपा लावल्या आणि बोनेट खाली घेतलं.