विजयदुर्गाचं ग्रहण पौष अमावास्येला आठवूया

विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. शाळांची मुलं येतात, भाषणं होतात, ‘साहेबाचे ओटे’ म्हणजे साहेबाच्या दुर्बिणीसाठी बांधले असं सांगितले जाणारे चौथरे दाखवले जातात. विज्ञानाच्या निमित्ताने आमच्या तालुक्यात किल्ल्यावर माणसं जमतात याचं मला अप्रूप आहे, आणि तो दिवस चालूच राहावा. पण ऑगस्टात आमच्याकडे सूर्यसुद्धा मोजकाच दिसतो, तारे तर लांबच. शिवाय त्या ओट्यांची खरी गोष्ट ऑगस्टातली नाहीच. ती जानेवारीतली आहे.

मी देवगड तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. ओट्यांची गोष्ट मुलं पाठ म्हणतात: लॉकियर साहेब १८६८ साली विजयदुर्गावर आला, त्याने दुर्बीण लावली, खग्रास ग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला. १८ ऑगस्ट १८६८चं ग्रहण खरंच होतं. त्याची सावली या किनाऱ्यावरून आत शिरली आणि जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणमकडे गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होते. नॉर्मन लॉकियर मात्र इंग्लंडमध्ये होते. त्यांनी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारा वर्णपटमापक लावून सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला आणि त्यात एक पिवळी रेषा टिपली. ती सोडियमच्या डी-१ आणि डी-२ या दोन रेषांशी जुळत नव्हती, म्हणून तिला डी-३ म्हणू लागले. पुढे तिच्यामागच्या मूलद्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून, हीलिऑसवरून, हेलियम हे नाव पडलं. पृथ्वीवर तो वायू सापडायला १८९५ उजाडलं. विल्यम रॅम्झे यांना तो युरेनियमच्या एका खनिजातून मिळाला.

मग ओट्यांवरचा साहेब खोटा का? अजिबात नाही. लॉकियर विजयदुर्गला आले, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ला आणखी एक खग्रास ग्रहण झालं, आणि त्यासाठी निरीक्षणाचं ठाणं म्हणून त्यांनी विजयदुर्ग निवडला. तोवर ते ‘सर’ झाले होते. मदतीला ‘मेल्पोमिनी’ ही आरमारी नौका होती. प्रिझम बसवलेले कॅमेरे होते. त्यांनी जहाजावरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना निरीक्षणाला बसवलं, आणि या प्रसंगावर माझा फार जीव आहे. कुणी सूर्यकिरीटाचं, म्हणजे ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचं चित्र काढायचं, कुणी अंधारात कोणते तारे दिसतात ते टिपायचं. खग्रास अवस्था होती दोन मिनिटांच्या आसपास. तेवढ्यात एका माणसाने सगळं बघणं शक्य नसतं, म्हणून कामं वाटून दिलेली. शास्त्रज्ञ नसलेली दर्यावर्दी माणसं विज्ञानाचं काम करत होती, आणि तेही आंग्र्यांच्या किल्ल्यापाशी. माझ्या मते ओटे याच मोहिमेशी जोडावेत. आपल्या गावाला सांगायला यापेक्षा मोठं काय हवं?

तीच सावली पुढे घाट चढून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून गेली. तिथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली दुर्बीण घेऊन बसले होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही आले होते. आदल्या वर्षी मुंबई-पुण्यात प्लेगने हाहाकार केला होता. तशा दिवसांत ही मंडळी इथवर आली.

सूर्यग्रहण नेहमी अमावास्येलाच होतं. २२ जानेवारी १८९८ला पौष अमावास्या होती. आपण तारखेऐवजी तिथी धरली, तर दरवर्षी ग्रहणाची आठवण काळोख्या रात्रीच पडेल. जानेवारी किंवा फेब्रुवारीची सुरुवात, आभाळ स्वच्छ, चंद्र नाही. इतिहासाचा कार्यक्रम आणि ताऱ्यांचा कार्यक्रम एकाच दिवशी बसतो, मुद्दाम मुहूर्त काढावा लागत नाही.

यंदा आम्ही तो तसाच केला. दुपारी चारला किल्ला. किल्ला ज्याने बांधला असं सांगतात त्या राजा भोजापासून सुरुवात न करता थेट दर्याकडच्या तटावर गेलो, कारण तिथून वाघोटणची खाडी आणि समुद्र एकदम दिसतात आणि १७५६ साली किल्ल्यावर चालून आलेली इंग्रजांची गलबतं कुठून आली असतील ते बोटाने दाखवता येतं. तिहेरी तटबंदी, तेव्हा किल्ला ज्यांच्याकडे होता ते तुळाजी आंग्रे, त्यांचं जळालेलं आरमार, हे सगळं उभ्या-उभ्या झालं. मग ओटे. तिथे मात्र वेळ दिला.

किल्ल्यात रात्री थांबायचा विचारही केला नव्हता. संरक्षित वास्तू आहे, अंधार पडण्याआधी बाहेर पडायचं. ताऱ्यांसाठी वरचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार. जांभा दिवसभर तापलेला असतो, बसलं की खालून ऊब लागते. सभोवार कलमांच्या बागा, मोहोराचा वास. टॉर्चना लाल जिलेटिन पेपर गुंडाळायला लावला होता आणि मोबाइल खिशात ठेवायला. सहा इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची, आरशाची) दुर्बीण एका मित्राने कणकवलीहून आणली. साडेआठनंतर दंव पडायला लागलं, तशी आतला आरसा नाही, पण नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, सारखी पुसावी लागत होती.

निघताना शेजारच्या काकी म्हणाल्या होत्या, “बाय, अवसेच्या रातीक सड्यार कोण जाता गो?” भीती मला ठाऊक आहे, मीही तीच ऐकत वाढले. म्हटलं, “काकी, तुमीच येवा आमच्यावांगडा.” त्या आल्या, नातीला घेऊन. कार्यक्रम संपेपर्यंत शाल गुंडाळून बसल्या होत्या.

मुलांना मी खलाशांचंच काम दिलं. गट पाडले, पाटी-पेन्सिली वाटल्या, शिट्टी वाजली की दोन मिनिटं, पुन्हा शिट्टी वाजली की बंद. एका गटाने कृत्तिका, म्हणजे ताऱ्यांचा तो छोटा पुंजका, काढायच्या. आठच्या सुमाराला त्या जवळजवळ डोक्यावर असतात, माना अवघडतात, म्हणून मुलं चक्क कातळावर आडवी झाली. सातवीतल्या एका मुलीने सहा ठिपके ठळक काढले आणि सातवा काढून बोटाने अर्धा पुसला. भावाने विचारलं, पुसलास का? ती म्हणाली, “तो मला दिसलो, पण थोडोसोच. जसो दिसलो तसो काढलंय.” वर्गात मी निरीक्षणाची नोंद शिकवते ती हीच. त्या पाटीचा फोटो काढून ठेवला आहे.

दुसरा गट ध्रुव मोजत होता. हात ताठ करून क्षितिजावर मूठ ठेवायची. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. विजयदुर्ग साडेसोळा अक्षांशावर, म्हणून ध्रुव दीड मुठीच्या जरा वर. अरबी समुद्रात फिरणारे जुने नाखवे ध्रुवाची उंची बोटांनी मोजायचे, असं मी सांगत होते. तेवढ्यात मागे बसलेले एक तांडेल (होडीचे म्होरके) काका उठले. “आमचो बापूस परततना ध्रुव डाव्या खांद्यार घेय,” ते म्हणाले. मुलांना क्षणभर कळलं नाही. मग एकाने तोंड पूर्वेला, किनाऱ्याकडे केलं, आणि उत्तर दिशा खरंच डावीकडे आली. पुढची पंधरा-वीस मिनिटं माझा कार्यक्रम काकांनी चालवला, आणि तो माझ्यापेक्षा चांगला चालला.

दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ सगळ्यांनी पाहिला. देवयानी तारकासमूहातली दीर्घिका, म्हणजे दूरचं ताऱ्यांचं विश्व, काहींना दिसली, काहींना नाही. अगस्त्याचा तारा दक्षिणेला बऱ्यापैकी खाली होता, व्याधाचा त्याच्या वर. पश्चिमेचं क्षितिज मात्र आम्ही गमावतो आहोत. समुद्रात एलईडी लावून मासेमारी चालते त्याचा पांढरा उजेड तिकडे पसरलेला होता. पारंपरिक मच्छीमार त्याविरुद्ध बोलतात ते माशांसाठी. आभाळ बघणाऱ्यांनीही त्यांच्या बाजूने बोलायला हवं.

पुढच्या पौष अमावास्येसाठी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, जेऊर-करमाळ्याकडे कुणी हौशी निरीक्षक किंवा शिक्षक असतील तर त्यांनीही त्याच रात्री आपल्या गावात दुर्बीण लावावी. दोन्हीकडच्या मुलांनी काढलेल्या कृत्तिका एकमेकांना पाठवू. दुसरी गोष्ट विजयदुर्ग, गिर्ये, रामेश्वर आणि आसपासच्या घरांसाठी. तुमच्या पणजोबांनी गोऱ्यांच्या त्या तळावर सामान वाहिलं, पाणी भरलं, होड्या चालवल्या, असं काही घरात बोललं जात असेल, जुना कागद किंवा फोटो असेल, तर कृपा करून जपून ठेवा आणि मला कळवा. मी वही-पेन घेऊन घरी येईन. साहेबाचं नाव ओट्यांना लागलं, पण त्या दिवशी इथे असलेल्या आपल्या माणसांचं एकही नाव अजून माझ्याकडे नाही.